दहा तारखेचा संसार

गिरणगावात महिना एक तारखेला सुरू होत नसे. तो दहा तारखेला सुरू होई. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, डिलाईल रोड, वरळी या पट्ट्यातील चाळींत वाढलेल्या आणि आज साठी-सत्तरीत पोहोचलेल्या पिढीच्या आठवणीत ही तारीख पक्की बसली आहे. त्या दिवशी वाण्याची थकबाकी चुकती होई, शाळेची राहिलेली फी निघे आणि गिरणीतून परतणाऱ्या वडिलांच्या हातात एखादा भज्यांचा पुडा दिसे. दहाच तारीख का, याचे उत्तर कायद्यात आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमानुसार एक हजाराहून कमी कामगार असलेल्या आस्थापनेने महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत, तर त्याहून मोठ्या आस्थापनेने दहा दिवसांच्या आत पगार द्यावा, असे बंधन होते. हजारोंनी कामगार राबणाऱ्या मुंबईच्या बड्या कापडगिरण्या दुसऱ्या वर्गात मोडत. कायद्यातील या एका आकड्यावर लाखो घरांचे स्वयंपाकघर चालत होते.

त्या दिवसांविषयी आज बोलताना 'किती काटकसरीने वाढलो आम्ही' हे वाक्य हमखास येते. त्यात अभिमान असतो आणि तो रास्तही आहे. परंतु ही काटकसर केवळ स्वभावाचा गुण नव्हती. ती एक व्यवस्था होती आणि तिला तीन खांब होते. ठरल्या तारखेला येणारा पगार हा पहिला, उधार-उसनवारीला जागणारा शेजार हा दुसरा आणि घरातील स्त्रीचे बिनपगारी कष्ट हा तिसरा. हे खांब कसे उभे राहिले आणि त्यांतील पहिला कोसळल्यावर उरलेल्या दोहोंवर किती भार आला, हे पाहिल्याशिवाय या आठवणींचा अर्थ पुरता लागत नाही.

एका खोलीतील बिऱ्हाड

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतरच्या काही दशकांत कोकण आणि घाटावरून माणसे या शहरात येत राहिली. त्यांच्यासाठी गिरण्यांभोवती चाळी उठल्या. १९२० मध्ये सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते स्थापन केले. या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे २०७ इमारती बांधल्या. त्याच पुढे 'बीडीडी चाळी' म्हणून प्रसिद्ध झाल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या आणि एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट. खोलीच्या कोपऱ्यात मोरी आणि शौचालये मजल्यावर सामाईक.

एवढ्या जागेत एक कुटुंब राही, शिवाय गावाकडून आलेला दीर, भाचा किंवा मेहुणा असे. हे जमत असे, याचे एक कारण गिरणीच्या पाळ्या. पहिल्या पाळीचा माणूस कामावर गेला, की रातपाळी करून आलेला त्याच्या जागेवर आडवा होई. कोकणातील गावांनी तर गावकरी मंडळांच्या नावाने खोल्या घेतल्या होत्या. गावातील एकटे पुरुष तेथे एकत्र राहत. प्रत्येकाच्या वाट्याला एक पत्र्याची ट्रंक, भिंतीवरची एक खुंटी आणि वळकटी पसरण्यापुरती जागा येई. भाडे माणशी वाटले जाई आणि वाचलेला पैसा मनिऑर्डरने गावी जाई. 'रत्नागिरी जिल्हा मनिऑर्डरवर जगतो' हे वाक्य त्यातूनच रूढ झाले.

खोलीच्या या टंचाईवर मुलांनीही तोड काढली होती. अभ्यास व्हरांड्यातल्या दिव्याखाली आणि झोप गच्चीवर किंवा जिन्याखाली. ही रीत गिरणगावाइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. वडील सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासाला उठवून मग झोपत. मुलाच्या पुस्तकांसाठी त्यांनी लग्न झालेल्या मुलींचे दागिने आणून गहाण ठेवल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. या यशामागे एका बापाची जागरणे होती, तसेच बहिणींचे दागिनेही होते.

पगाराच्या वाटण्या

दहा तारखेला हाती आलेल्या पगाराच्या त्याच रात्री वाटण्या होत. गावची मनिऑर्डर, खोलीभाडे, वाणी, दूध, रेशन, भिशी आणि मुलांची फी. उरेल ते पुढच्या दहा तारखेपर्यंत पुरवायचे. हे गणित बसत असे, याला भाड्याचा मोठा हातभार होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने खासगी चाळींची भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. पगारात महागाई भत्त्याची भर पडत गेली, पण भाडे जवळपास तेथेच राहिले. काटकसर करण्याइतका पैसा हाती राहिला, तो यामुळेही.

दुधाचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिला जाई. १९७३ मध्ये 'कालनिर्णय' सुरू झाल्यानंतर त्यातील तारखांच्या चौकटी पंचांगाइतक्याच दुधाच्या खाड्यांसाठी कामी आल्या. वाण्याचा हिशेब मात्र त्याच्या वहीत असे. ही वही सोयीची होती, तशी महागही होती. हाती रोख नसलेले घर तेल बाटलीत थोडे आणि साखर पुडीत बांधून घेई. सुट्या मालाला दर चढा पडे आणि उधारीच्या गिऱ्हाईकाला भावात घासाघीस करता येत नसे. गरिबाला तीच वस्तू श्रीमंतापेक्षा महाग मिळते, हा अर्थशास्त्राचा धडा चाळीतील मुले वाण्याच्या फळीपुढे उभी राहून शिकत.

वाण्यापलीकडे सावकार असे. रुपयामागे महिन्याला एक आणा, हा ब्रिटिश काळापासून रूढ असलेला दर. रुपयाचे आणे सोळा आणि वर्षाचे महिने बारा, म्हणजे व्याज वर्षाला शेकडा ७५ झाले. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शाही कामगार आयोगाच्या अहवालातही अशा दरांची नोंद आहे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाबाहेर काठी घेऊन उभा असलेला पठाण ही गिरणगावाच्या आठवणींतील एक ठळक आकृती आहे.

या सावकाराला चाळीतील बायकांनी शोधलेले उत्तर म्हणजे भिशी. तिची रचना अगदी साधी होती. बारा जणींनी दरमहा वीस रुपये काढले, तर महिन्याला २४० रुपये जमतात. चिठ्ठी टाकायची आणि जिचे नाव निघेल तिने ती रक्कम न्यायची. वर्षभरात प्रत्येकीची पाळी एकदा येते. यात व्याज नाही, कागद नाही, जामीन नाही. एखादीच्या घरी लग्न किंवा आजारपण निघाले, तर इतरजणी चिठ्ठी बाजूला ठेवून तिला आधी रक्कम देत. ज्यांना सुरुवातीला पाळी मिळे त्यांच्यासाठी ते बिनव्याजी कर्ज ठरे आणि ज्यांना शेवटी मिळे त्यांच्यासाठी ती सक्तीची बचत. पैसे बुडवण्याची भीती जवळजवळ नव्हती, कारण बुडवून जाणार कोठे? एकाच नळावर पाणी भरायचे होते. बँकेला जे काम तारण करते, ते येथे शेजार करीत होता.

वाढत्या अंगाचे कपडे

मुलांच्या वाट्याला ही व्यवस्था वस्तूंच्या रूपाने येई. गणवेश 'वाढत्या अंगाचा' शिवला जाई. पहिल्या वर्षी बाह्या कोपराखाली उतरत, दुसऱ्या वर्षी सदरा नीट बसे आणि तिसऱ्या वर्षी तो धाकट्याकडे जाई. शेवटी त्याचे फडके होई किंवा त्याला गोधडीत जागा मिळे. तुटलेल्या चपलेचा अंगठा टाचणीने अडकवला जाई. वर्ष संपले, की वह्यांतली कोरी पाने काढून, दाभणाने शिवून कच्च्या कामाची वही तयार होई. पेन्सिल बोटात धरता येईनाशी झाली, की तिच्या मागे जुन्या पेनाचे टोपण बसवले जाई.

पाठ्यपुस्तके वरच्या इयत्तेतल्या मुलाकडून निम्म्या किमतीत मिळत आणि वर्षअखेरीस आणखी कमी किमतीत पुढे जात. यामागेही एक सार्वजनिक निर्णय होता. राज्याची पाठ्यपुस्तक निर्मिती करणारी 'बालभारती' २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली. सर्व शाळांत एकच पुस्तक आणि तेही काही वर्षे न बदलणारे, असे झाल्यामुळे परळचे पुस्तक वरळीतही चाले. एकच पुस्तक चार-पाच मुलांना शिकवून जाई. खाकी कव्हर नीट घालण्याचा मोठ्यांचा आग्रह शिस्तीसाठी होता, तसा पुढच्या विक्रीसाठीही होता.

करमणूकही वाटून घेतलेली होती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर बरीच वर्षे मजल्यावर एखाद्याच घरी संच असे. शनिवारच्या मराठी चित्रपटाला त्या घराचा उंबरठा मुलांनी भरून जाई. वर्तमानपत्र एक आणि वाचणारी घरे पाच, हेही नेहमीचेच. कामगार कल्याण केंद्रांतील वाचनालये, व्यायामशाळा, भजनी मंडळे आणि गणेशोत्सवाची वर्गणी यांतून एकट्या घराला न परवडणारे बरेच काही सर्वांना मिळत असे. कविवर्य नारायण सुर्वे यांना तान्हेपणी गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले आणि वाढवले. ज्या वस्तीत एका पगारात दोन वेळचे भागवणे कठीण, तेथे परक्याच्या मुलालाही ताट वाढले गेले, हे त्या वस्तीचे मोठेपण होते.

ताटातला हिशेब

आगोटीची खरेदी म्हणजे पावसाळ्यापूर्वीची बेगमी, ही कोकणातून आलेली सवय. सुकट, बोंबील, मिरची आणि मसाला मे महिन्यातच भरून ठेवला जाई. सुट्टीवरून परतणारे लोक गावाहून तांदूळ, कुळीथ, आमसुले आणत. म्हणजे मनिऑर्डरने गावी गेलेला पैसा धान्याच्या रूपाने थोडाफार मुंबईला परत येई. शिळ्या पोळीला फोडणी बसे आणि उरलेला भात सकाळी परतला जाई. अन्न वाया घालवणे हा त्या घरांत अपराधच होता.

मुंबईत १९४३ मध्ये सुरू झालेले रेशनिंग हा पुढे या ताटाचा आधार बनला. रांगेत आधी पिशवी किंवा वीट ठेवून जागा धरायची आणि दुकान उघडताच मुलाने जाऊन उभे राहायचे, हा सुट्टीच्या दिवसाचा ठरलेला कार्यक्रम असे. १९७२ च्या दुष्काळात धान्य, तेल, रॉकेल सारेच दुर्मीळ झाले. तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. घरातील काटकसरीची सीमा संपली, की प्रश्न रस्त्यावर न्यावा लागतो, हे त्या लाटणे मोर्चांनी दाखवून दिले.

एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचा हिशेब याहून अवघड होता. माल वाण्याकडून उधार, जेवणाऱ्यांचे पैसे दहा तारखेला आणि मधल्या काळात दागिना गहाण, असे ते चक्र होते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. तारण द्यायला त्यांच्याकडे काही नव्हते. एकमेकींची हमी हेच तारण. भिशीचा जुना विश्वास येथे बँकेच्या दारापर्यंत पोहोचला.

शेजाराच्या सीमा

या आठवणींना एक दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. शेजार सर्वांसाठी सारखा नव्हता. गिरण्यांच्या विणकाम खात्यात दलितांना दीर्घकाळ प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागत असे आणि उष्ट्या धोट्याला 'विटाळ' होतो, अशी सवर्ण कामगारांची तक्रार असे. चांगला पगार विणकाम खात्यात होता, त्यामुळे अस्पृश्यतेचा अर्थ कमी पगार असाही होई. चाळींतही जातीनुसार इमारती वेगळ्या पडलेल्या होत्या. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत झालेल्या दंगलीने त्या भिंती उघड्या केल्या. 'एका कुटुंबासारखी चाळ' ही आठवण खरी असली, तरी तिच्या शेजारच्या चाळीची आठवण निराळी असू शकते.

दुसरी सीमा घरातच होती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचांपैकी साधारण एक कामगार स्त्री होती. पुढे रात्रीच्या कामावरील बंदी, नव्या यंत्रांबरोबर झालेली कपात आणि घरी बसवण्याची मालक व युनियन यांची मानसिकता यांमुळे त्या गिरणीबाहेर गेल्या. त्यांचे श्रम मात्र थांबले नाहीत. पहाटे पाणी भरणे, रॉकेल वाचावे म्हणून एकाच स्टोवर एकामागून एक पदार्थ उरकणे, जुने उसवून नवे शिवणे, पापड लाटणे, डबे भरणे, हे सारे काटकसरीत मोडत असे, पगारात नव्हे. सर्वांत शेवटी जेवणारी आई आणि भावंडांना सांभाळण्यासाठी शाळा सोडणारी थोरली मुलगी यांच्या वाट्याला या बचतीची खरी किंमत आली. धाकट्या भावाच्या पदवीच्या आठवणीत तिचे नाव अनेकदा येत नाही.

पहिला खांब कोसळला

१९६५ च्या कायद्याने बोनसला हक्काचे स्वरूप दिले आणि १९७० च्या दशकात किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा झाला. दिवाळीचे कपडे, फराळ, एखादे भांडे, सारे त्या तेराव्या पगारावर अवलंबून असे. त्यामुळे १९८१ च्या दिवाळीतील बोनसचा वाद हा केवळ आकड्यांचा वाद नव्हता. त्यातूनच कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे ६० गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही.

आधीचे काही महिने चाळीच्या व्यवस्थेने संप पेलून धरला. वाण्याने वही चालू ठेवली, भिशीच्या रकमा ज्यांची चूल बंद पडली त्यांना आधी गेल्या, गावाकडून तांदूळ आले. अनेक कुटुंबे गावी गेली. परंतु ही व्यवस्था एका घराची अडचण बाकीच्यांनी वाटून घेण्यासाठी होती. सर्वच घरांची दहा तारीख एकाच वेळी हरवली, तर कोण कोणाला उसने देणार? वाण्याच्या वह्या मिटल्या. भिशा बंद पडल्या. आधी दागिने गेले, मग पितळेची भांडी. बायका धुण्याभांड्यांच्या कामाला निघाल्या, मुले भाजी-मासळी विकू लागली आणि कित्येकांची शाळा तेथेच संपली. काही तरुण गुन्हेगारी टोळ्यांकडे वळले. संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या अशाच एका घराचे चित्र जयंत पवार यांच्या १९९७ मधील 'अधांतर' या नाटकाने मराठी रंगभूमीवर आणले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्याच तोंडून ऐकलेला गिरणगावाचा इतिहास २००४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा संपूर्ण व्यवस्थाच आठवणीत जमा झाली होती.

उरलेला हिशेब

गिरण्यांच्या जमिनींवर आता मॉल, कार्यालये आणि उंच मनोरे उभे आहेत. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत म्हाडाने २०१२ मध्ये काढली. अनेक कामगारांनी तोवर जगाचा निरोप घेतला होता. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणे ही साधी गोष्ट नाही. मोरीच्या जागी न्हाणीघर आणि सामाईक शौचालयाऐवजी स्वतःचे शौचालय, ही त्या कुटुंबांच्या तीन पिढ्यांची थकलेली देणी आहेत. चाळ गेल्याचे दुःख करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

तरीही एक प्रश्न उरतो. आजचा कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक किंवा घरोघर पार्सल पोहोचवणारा तरुण हाही काटकसरीनेच जगतो. त्याच्या पगाराची तारीख मात्र कंत्राटदाराच्या मर्जीवर असते आणि भाडे दर अकरा महिन्यांनी वाढते. ठरलेला पगार, आवाक्यातले भाडे, रेशन, पालिकेची शाळा आणि ओळखीचा शेजार असेल, तर थोड्यात भागवणाऱ्या घरातील मूल पुढे जाऊ शकते, एवढे गिरणगावाने सिद्ध केले. यांतले काहीच नसेल, तर काटकसर म्हणजे नुसती उपासमार ठरते. म्हणूनच नातवंडांना वाढत्या अंगाच्या सदऱ्याची गोष्ट सांगताना आजी-आजोबांनी त्या घरात दर दहा तारखेला पगार येत होता हेही सांगावे. आणि तो सदरा रात्री जागून कोणी उसवून शिवला, तिचे नावही सांगावे.